परवाना गेला, तपासणीही गेली

आईवडिलांसाठी अंगणात छोटे घर बांधणे सोपे झालेच पाहिजे. पण ते घर नीट बांधले आहे की नाही, हे त्रयस्थ नजरेने पाहणारा माणूसच नियमातून वगळला तर त्याची किंमत त्या घरात राहणाऱ्या वृद्धांना मोजावी लागेल.

न्यूझीलंडमध्ये १५ जानेवारी २०२६ पासून ७० चौरस मीटरपर्यंतचे एकमजली, मुख्य घरापासून सुटे असलेले घर बांधायला बांधकाम परवाना लागत नाही. ठरलेल्या अटी पाळल्या तर निवासी आणि ग्रामीण भागांत नियोजन परवान्याचीही गरज उरत नाही. ७० चौरस मीटर म्हणजे सुमारे साडेसातशे चौरस फूट. पुण्या-ठाण्यात एवढ्या जागेत चौघांचे कुटुंब संसार करते. तिकडच्या बोलीत या घराला ‘ग्रॅनी फ्लॅट’ म्हणतात. ते अंगणात किंवा परसात असते, त्याला स्वतःचे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असते आणि म्हातारे आईवडील मुलांच्या हाकेच्या अंतरावर, तरीही आपल्या मर्जीने राहू शकतात. या बदलामुळे घरमालकाचे ५,६५० न्यूझीलंड डॉलरपर्यंत पैसे आणि चौदा आठवड्यांपर्यंत वेळ वाचेल, तसेच दहा वर्षांत अशी १३ हजार जादा घरे उभी राहतील, असा तिथल्या सरकारचा अंदाज आहे.

हेतूबद्दल आमची तक्रार नाही. घरांच्या किमती मध्यमवर्गाच्या हाताबाहेर गेलेल्या देशात जे आईवडिलांना जवळ ठेवू पाहतात, त्यांच्या वाटेतले अडथळे दूर व्हायलाच हवेत. पण परवान्याचा कागद काढून टाकताना त्या कागदाबरोबर येणारी तपासणीही काढून टाकण्यात आली आहे. धोका तिथे आहे, आणि ही घरे हजारोंच्या संख्येने उभी राहण्याआधीच तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे.

सातासमुद्रापलीकडच्या या नियमाशी मराठी वाचकाचा संबंध थेट आहे. ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टन या शहरांत मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे आईवडील नाशिक, सांगली, नागपूर, डोंबिवलीत एकटे आहेत. २९ सप्टेंबर २०२५ पासून न्यूझीलंडने ‘पेरेंट बूस्ट’ नावाचा व्हिसा खुला केला. त्यावर आईवडिलांना पाच वर्षे मुलांकडे जाऊन राहता येते आणि पुढे मुदत वाढवून ती दहा वर्षांपर्यंत नेता येते. पाठोपाठ साडेतीन महिन्यांत घराचा नियम सैल झाला. ‘आईबाबांना आणायचे, मागे त्यांच्यासाठी घर बांधायचे’ हा विचार आता अनेक घरांत होणार. साठी-सत्तरी उलटलेली, परक्या देशातल्या थंडीची आणि लाकडी घरांची सवय नसलेली मराठी माणसे या नव्या घरांत राहायला जाणार आहेत.

नियम नेमका काय म्हणतो, ते आधी समजून घेऊ. घर नवे, एकमजली आणि सुटे हवे. ते शेजारच्या हद्दीपासून व दुसऱ्या निवासी इमारतीपासून किमान दोन मीटर दूर हवे. रचना साधी, सांगाडा लाकडाचा किंवा हलक्या पोलादाचा हवा. आराखडा आणि बांधकाम परवानाधारक व्यावसायिकांनी करायचे किंवा आपल्या देखरेखीखाली करून घ्यायचे. नळजोडणी, सांडपाणी, वीज ही कामेही त्या त्या परवानाधारक कारागिरांचीच. घर देशाच्या बांधकाम संहितेप्रमाणेच बांधले पाहिजे, त्यात सूट नाही. काम सुरू करण्याआधी मालकाने स्थानिक कौन्सिलकडून जागेच्या माहितीचे पत्र घ्यायचे. त्या भूखंडाबद्दल कौन्सिलकडे असलेली पुराच्या धोक्यासारखी माहिती आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांची नोंद त्यात मिळते. काम संपल्यावर अंतिम नकाशे, कारागिरांनी दिलेली कामाची प्रमाणपत्रे आणि इतर कागद वीस कामाच्या दिवसांत कौन्सिलला द्यायचे. कौन्सिल ते फाइलला लावते.

या साऱ्या साखळीत एक दुवा गायब आहे. जो बांधतो, तोच ‘मी नीट बांधले’ असे लिहून देतो. पाया ओतण्याआधी, सांगाडा झाकण्याआधी, घर ताब्यात देण्याआधी तिसरे कोणी येऊन पाहत नाही. परवाना घेऊन बांधलेल्या घराला कौन्सिल शेवटी संहितापूर्तीचे प्रमाणपत्र देते. इथे ते नाही. कौन्सिलच्या दप्तरात घराची नोंद असेल, पण घर योग्य असल्याचा शब्द कुणा त्रयस्थाने दिलेला नसेल.

जगातल्या कुठल्याही देशाला हा प्रयोग महाग पडू शकतो. न्यूझीलंडला तो एकदा पडलेला आहे. १९९१ च्या कायद्याने तिथे बांधकामाचे नियम मोकळे केले. ‘कसे बांधायचे’ हे सांगण्याऐवजी ‘घराने काय साधले पाहिजे’ एवढेच सांगायचे धोरण आले. कौन्सिलऐवजी खासगी प्रमाणकांकडून मंजुरी आणि तपासणी करून घेण्याची मुभा मिळाली. पुढे नव्वदच्या दशकात प्रक्रिया न केलेले पाइन लाकूड भिंतींच्या सांगाड्यात वापरायला परवानगी मिळाली. त्याच काळात भूमध्य समुद्राकाठच्या घरांची फॅशन आली. छपराला वळचण नाही, बाहेरून सलग गुळगुळीत गिलावा, आणि त्यामागे पाणी निथळून जायला पोकळी नाही. दर वर्षी भरपूर पाऊस पडणाऱ्या देशात अशी हजारो घरे उभी राहिली.

मग ती गळू लागली. त्या देशात हे प्रकरण ‘लीकी होम्स’, म्हणजे गळकी घरे, या नावाने ओळखले जाते. २००२ मध्ये डॉन हन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा पंचनामा केला. २००४ मध्ये नवा बांधकाम कायदा आणावा लागला, लाकडावरची प्रक्रिया पुन्हा सक्तीची झाली, आणि बांधकामावर देखरेख ठेवणारे जुने प्राधिकरण गुंडाळले गेले. २००९ मध्ये प्राइसवॉटरहाउसकूपर्सने सरकारसाठी केलेल्या अभ्यासात सुमारे ४२ हजार घरे बाधित आणि खर्च ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर, असा अंदाज निघाला. २०११ मध्ये सरकारने मदतयोजना आणली तेव्हा दुरुस्तीचा २५ टक्के भार सरकारने, २५ टक्के सहभागी कौन्सिलने आणि उरलेला ५० टक्के घरमालकाने उचलायचा असे ठरले. म्हणजे निवृत्तीची पुंजी घालून घर घेतलेल्यांना त्याच घराच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च पुन्हा खिशातून करावा लागला.

गळके घर म्हणजे छतातून टपटपणारे पाणी, अशी आपली समजूत असते. तसे असते तर मालकाने पहिल्याच पावसात सुताराला बोलावले असते. इथे पाणी शिरते ते खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून, जिथे पत्र्याची पट्टी दोन बोटे अपुरी बसवलेली असते. ते भिंतीच्या आत उतरते आणि खालच्या आडव्या लाकडात मुरते. आतून जिप्समचा बोर्ड रंगवलेला, बाहेरून गिलावा धडधाकट. आतले लाकूड मात्र बुरशी लागून भुसभुशीत होत जाते. मालकाला कळते तेव्हा कोपऱ्यात कुबट वास येतो, रंगाला फुगा धरतो, आणि बोर्ड फोडल्यावर लाकूड हाताने कुस्करता येते. मध्ये अनेक वर्षे गेलेली असतात.

म्हणूनच कौन्सिलचा निरीक्षक भिंती बंद होण्याआधी येतो. तो लाकडावर छापलेला प्रक्रियेचा शिक्का पाहतो, आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राच्या सुया लाकडात टोचतो, खिडकीभोवतीच्या पट्ट्या आणि चिकटपट्टी बोट फिरवून तपासतो. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे असते. त्या अर्ध्या तासात जे दिसते ते बोर्ड ठोकल्यानंतर कधीच दिसत नाही. नव्या नियमाने या छोट्या घरांपुरता तो अर्धा तास काढून टाकला आहे.

आजची स्थिती नव्वदच्या दशकासारखी नाही, असे सरकारचे समर्थक म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. लाकडावर प्रक्रिया होते, गिलाव्यामागे पोकळी ठेवतात, महत्त्वाची कामे परवानाधारकांनीच करायची असा नियम २०१२ पासून आहे. घरही साधे, एकमजली, हलके आहे. धोका कमी आहे, हे मान्य. पण परवानाधारक माणूससुद्धा शुक्रवारी संध्याकाळी घाईत असतो, त्याच्या हाताखालचा पोऱ्या नवखा असतो, आणि ठरलेल्या दरात काम संपवायचे म्हणून कुठेतरी हात आखडला जातो. दुसऱ्याची नजर लागते ती कारागीर चोर आहे म्हणून नव्हे. आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून. शल्यविशारद कितीही निष्णात असला तरी शस्त्रक्रियेआधी परिचारिका यादी वाचून खातरजमा करतेच, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

दुसरा प्रश्न भरपाईचा. गळक्या घरांच्या काळात बिल्डरच्या कंपन्या गाशा गुंडाळून मोकळ्या झाल्या, आणि न्यायालयांनी भरपाईचा बोजा कौन्सिलांवर टाकला, कारण परवाना आणि तपासणी त्यांची होती. कौन्सिलांना ते अन्यायाचे वाटले आणि करदात्यांना जड गेले, पण घरमालकाला निदान दार ठोठावायला एक जागा होती. नव्या पद्धतीत कौन्सिलने परवानाही दिलेला नाही आणि तपासणीही केलेली नाही. तिच्याकडे दाद कशाच्या जोरावर मागणार? त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले, की यापुढे बांधकामातील दोषांसाठी प्रत्येकजण आपापल्या वाट्यापुरताच जबाबदार राहील अशी व्यवस्था आणायची. तत्त्व म्हणून ते रास्त असेल. पण ज्याचा वाटा सर्वात मोठा तोच बिल्डर दिवाळखोर झाला, तर तो वाटा घरमालकाच्या माथी येतो. बांधकाम कायद्याप्रमाणे दावा लावायची कमाल मुदत दहा वर्षे आहे. भिंतीच्या आत सावकाश कुजणारे लाकूड ती मुदत सहज ओलांडू शकते.

आणि या घरात राहणार कोण? भाडेकरू राहत असेल तर त्याच्या बाजूने कायदा उभा आहे. २०१९ मध्ये आलेल्या निकषांनुसार भाड्याच्या घरात उष्णतेची सोय, छताचे आणि जमिनीखालचे अस्तर, हवा खेळती राहणे, ओल आणि निचरा, फटींतून येणारा गारठा या सगळ्याची जबाबदारी घरमालकावर आहे. १ जुलै २०२५ पासून ते निकष भाड्याच्या सर्व घरांना लागू झाले. पण मुलाच्या परसातल्या घरात राहणारी आई भाडेकरू नसते. तिच्या हाती भाडेकरार नसतो. घर ओल धरते, रात्री हुडहुडी भरते, खोकला जात नाही, हे ती कुणाला सांगणार? ‘मुलाने एवढा खर्च करून बांधले, आता त्याच्या डोक्याला ताप नको,’ म्हणून ती गप्प बसते. आपल्या घराघरांतल्या आया अशाच वागतात. ओलसर घर आणि श्वसनाचे विकार यांचे नाते डॉक्टरांना नवे नाही, आणि त्याचा फटका सर्वात आधी म्हातारे आणि लहान मुले यांना बसतो. जी पिढी तक्रार करत नाही, तिच्या घरासाठी तपासणी जास्त कडक हवी होती. तीच सैल झाली.

आणखी एक उणीव डोळ्यांत खुपते. हे घर म्हाताऱ्यांसाठी, असे नावातच म्हटले जाते. पण अपंग आणि वृद्ध माणसाला सहज वावरता यावे यासाठी बांधकाम संहितेतल्या ज्या अटी आहेत, त्या सार्वजनिक इमारतींसाठी आहेत. खासगी घराला त्या लागू नाहीत. म्हणजे चाकाची खुर्ची आत जाईल एवढा दरवाजा, उंबरा नसलेले न्हाणीघर, आधाराचा कठडा बसवता येईल अशी मजबूत भिंत यांतले काहीही सक्तीचे नाही. सरकारने सवलत देताना या तीन गोष्टींची अट घातली असती तर खर्च फारसा वाढला नसता. भिंत उभी राहतानाच कठड्यासाठी आत एक आडवी फळी ठोकून ठेवायला सुताराला दहा मिनिटे लागतात. आई पडल्यानंतर तीच फळी बसवायला भिंत फोडावी लागते.

पुराचा विषय तर ताजा आहे. २७ जानेवारी २०२३ रोजी ऑकलंडमध्ये आभाळ फाटले आणि चार जणांचा बळी गेला. तीन आठवड्यांच्या आत आलेल्या ‘गॅब्रिएल’ चक्रीवादळाने आणखी अकरा जणांचा जीव घेतला. त्यानंतर काही घरे राहण्यालायक नाहीत असे ठरवून ती सरकार आणि कौन्सिलांनी मिळून विकत घेतली. परसात घर बांधायचे म्हणजे पाणी मुरण्याची उरलीसुरली जमीन झाकायची, आणि उताराच्या भूखंडावर मागची बाजू अनेकदा सर्वात सखल असते. तिथे आपण घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला झोपवणार आहोत. कौन्सिलचे माहितीपत्र धोका सांगते खरे. पण ते वाचून जोते पुरेसे उंच घेतले का, निचरा काढला का, हे जागेवर जाऊन कोण पाहणार?

सोपेपणा आणि सुरक्षितता यांत एकच निवडावे लागते, हा समज खोटा आहे. शेजारच्या ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये हाच प्रश्न हाताळला. ३०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर, पूर वा पर्यावरणाचे विशेष निर्बंध नसतील तर, ६० चौरस मीटरपर्यंतच्या दुसऱ्या छोट्या घराला तिथे नियोजन परवाना लागत नाही. बांधकाम परवाना मात्र लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये ६० चौरस मीटरपर्यंतचे घर ठरलेल्या निकषांत बसले तर कौन्सिलच्या दीर्घ प्रक्रियेऐवजी प्रमाणकाकडून झटपट मंजुरी मिळते. पण बांधकामाच्या कळीच्या टप्प्यांवर तपासणी होते आणि शेवटी वापराचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘इथे घर असावे का’ हा नियोजनाचा प्रश्न आहे आणि ‘हे घर उभे राहील का, कोरडे राहील का’ हा बांधकामाचा. पहिल्यात सवलत द्यावी. दुसऱ्यात सवलत देणे म्हणजे राहणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

महाराष्ट्रानेही हे नीट पाहावे, कारण आपण त्याच वाटेवर आहोत. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने, मुंबई आणि काही क्षेत्रे वगळता, १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील घरांना परवान्याच्या हेलपाट्यांतून सोडवले आणि ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवाना देण्याची तरतूद केली. पाठोपाठ ग्रामीण भागातही सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामासाठी परवान्याची अट काढल्याची घोषणा झाली. टेबलाखालच्या व्यवहारांना आणि खेट्यांना कंटाळलेल्या सामान्य माणसाने त्याचे स्वागत केले, ते योग्यच होते. पण जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र या दोन गोष्टी आपल्याकडे आधीच नावापुरत्या उरल्या आहेत. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळून सतरा जण गेले. तेव्हा तळमजल्यावर फेरफार सुरू होते. तिथे कुणीतरी वेळेवर जाऊन पाहायला हवे होते. वाडवडिलांच्या घरावर म्हाताऱ्यांसाठी एक खोली चढवणे किंवा मागे दोन खोल्या काढणे, हे आपल्याकडे गावोगाव चालते, आणि त्या कामाला मुकादमाच्या अंदाजापलीकडे कसलाही आधार नसतो.

न्यूझीलंड सरकारकडे आमची मागणी मोजकी आहे. परवाना परत आणू नका, पण तीन तपासण्या परत आणा. पाया ओतण्याआधी एक, भिंती बंद करण्याआधी एक, ताबा देण्याआधी एक. त्या कौन्सिलने कराव्यात किंवा बिल्डरशी हितसंबंध नसलेल्या मान्यताप्राप्त निरीक्षकाने, दर आधी ठरलेला असावा आणि ठरल्या दिवसांत निरीक्षक आला नाही तर त्याची जबाबदारी यंत्रणेची असावी. सवलतीत बांधलेल्या प्रत्येक घराला त्रयस्थाचा हमीविमा सक्तीचा करा, म्हणजे बिल्डर बुडाला तरी कुटुंब बुडणार नाही. वृद्धांना वावरता येईल अशी किमान रचना सवलतीची अट बनवा. आणि पहिल्या दोन वर्षांत बांधलेल्या घरांपैकी काहींच्या भिंतींतली ओल मोजून निष्कर्ष जाहीर करा. वीस वर्षांनी समिती नेमण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

तिथल्या मराठी कुटुंबांनी मात्र सरकारची वाट पाहत बसू नये. सवलत आहे म्हणून ती घेतलीच पाहिजे असे नाही. बांधकाम परवाना घेऊन बांधण्याचा मार्ग आजही खुला आहे. नवे घर बांधत असाल तर मुख्य घरासाठी परवाना काढावाच लागणार आहे, तेव्हा आईवडिलांचे घरही त्याच नकाशात, त्याच अर्जात घाला. सांडपाण्याची वाहिनी, विजेचा भार, पाण्याचा उतार एकदाच ठरेल आणि दोन्ही घरांना कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळेल. सवलतीतच बांधायचे असेल तर स्वतंत्र निरीक्षकाला स्वतःच्या खर्चाने तीनदा बोलवा आणि त्याचा अहवाल आल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नका, ही अट करारात लिहा. ३० हजार डॉलरपेक्षा मोठ्या कामाचा करार लेखी असणे कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा ओळखीचा बिल्डर आहे म्हणून तोंडी व्यवहार करू नका. विमा कंपनी आणि कर्ज देणारी बँक या घराकडे कसे पाहते, हे पाया खणण्याआधी लेखी विचारून घ्या. भिंती बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक खिडकीचे फोटो काढून ठेवा.

आईवडिलांनी आयुष्यभर आपल्या डोक्यावर छप्पर राहील याची काळजी वाहिली. आता त्यांच्या डोक्यावरचे छप्पर उभे करताना साडेपाच हजार डॉलर आणि चौदा आठवडे वाचले, याचा आनंद मानून भागणार नाही. न्यूझीलंडच्या संसदेने हा नियम अजून कोवळा आहे तोवर सुधारावा, आणि महाराष्ट्राच्या नगरविकास खात्याने आपल्या नियमावलीतली जोते तपासणी प्रत्यक्ष जागेवर होते आहे का, याचा हिशेब याच वर्षी जनतेसमोर ठेवावा. तपासणीशिवाय बांधलेल्या घरांची संख्या जसजशी वाढेल, तसतशी दुरुस्ती अवघड आणि महाग होत जाईल. आज तीन तपासण्यांनी भागते आहे, तोवर ती सुधारणा करून घ्या.